वजन अंगावर असताना

जालन्यात घरसामान हलवायचा धंदा करतो म्हटल्यावर लोक पहिलं विचारतात, कंबर दुखत असेल ना? दुखते की! पण दुखण्यापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आपलं कपाट दुसऱ्याच्या छातीवर आलं की माणूस मनातलं बोलून जातो.

आम्ही तिघं. शेषराव वयानं मोठा, कायम खालच्या बाजूला. रफिक दोरावर. मी टेम्पोवाला, जिथं हात कमी पडेल तिथं.

*

जुन्या जालन्यात एक लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवत होतो. जिन्याच्या वळणावर पट्टा सरकला. कपाट माझ्या छातीवर, पाठ भिंतीला. श्वास घेता येईना.

मालक काका वरून ओरडले, "भिंतीला लागू देऊ नका! नवा पेंट हाय!"

शेषराव म्हणाला, "काका, माणूस वाचवू का भिंत?"

काकांनी विचार केला. खरंच विचार केला! मंग म्हणाले, "जमलं तर दोन्ही बघा."

*

वडीगोद्रीला सूनबाई म्हणाल्या, "कपाट रिकामं केलंय." उंबरा ओलांडताना आत काहीतरी घरंगळलं अन् कपाट कलंडलं. रफिकनं पाठ लावली म्हणून, न्हाईतर शेषरावचा पाय गेलाच होता.

"आत काय हाय?" मी ओरडलो.

"बिलकुल काही न्हाई!"

सासूबाई हळूच बोलल्या, "दगडी जातं हाय. ही भंगारात देऊन राह्यली होती, म्हणून मीच लपवलं."

कपाट खाली टेकलं. रफिकची पाठ सोलून निघाली होती. त्यानं दार उघडून आत नीट पाहिलं अन् विचारलं, "आजी, घरातलं एखादं माणूस बी लपवलं न्हाई ना?"

*

राजूरला एका घरी जावईबापू जिमवाले. इन्व्हर्टरची बॅटरी एकट्यानं उचलायला गेले.

"कमरेतून वाकू नका! गुडघे वाकवा!" शेषराव ओरडेपर्यंत कट्‌ असा आवाज आला. बॅटरी अर्धवट उचललेली, आत ॲसिड, अन् जावयाला ना सरळ होता येईना ना खाली ठेवता येईना. आम्ही तिघांनी धावत जाऊन बॅटरी काढून घेतली. ते तसेच वाकलेले.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "जावईबापू, पाया काय पडता? आशीर्वाद हायेच!"

*

अन् ती तिजोरी. अंबडजवळच्या एका घरात माडीवरून खाली उतरवत होतो. जिना लाकडी. दोर वरच्या खांबाला वेढा देऊन रफिकनं धरलेला, मी त्याच्या मागं, शेषराव खालून हात लावून. अर्ध्यात आलो अन् पायरी मोडली.

तिजोरी शेषरावच्या खांद्यावर आली. दोर करकरला.

"निघ!" मी ओरडलो. बाजूला कठड्यात फट होती, त्यातून तो सहज निसटला असता. पण शेषराव हलेना.

"अरे निघ ना!"

तो मान न वळवता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ट्रे तसाच धरा. उलट्या पावली उतरा. घाई न्हाई."

घरातल्या वहिनी आमच्यासाठी चहा घेऊन त्याच्या मागं जिना चढून आल्या होत्या! आम्हाला वरून दिसल्याच न्हाईत. कपबश्यांचा आवाज एकेक पायरी खाली जात राह्यला. रफिकच्या तळहातातून रक्त यायला लागलं.

आवाज थांबला तसा शेषराव फटीतून बाहेर पडला. मोडक्या पायरीवर त्यानं फळी टाकली अन् आम्ही दोर इंचाइंचानं सोडला. तिजोरी खाली टेकली. मी जिन्यातच बसलो.

रफिक मात्र ढिला पडलेला दोर तसाच आवळून उभा.

"रफिकभाई, सोडा आता," खालून वहिनी म्हणाल्या.

"पयले बोलो," रफिक म्हणाला, "नीचे कोई हय क्या?"