पहिलं पान, शेवटचं पान

"आधी घडी घाल, मग तोंड उघड."

घडीमावशी हे प्रत्येकाला ऐकवायची. नव्या कामगाराला, मालकाला, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा.

आमच्या छापखान्यात मुलांची चित्रांची पुस्तकं व्हायची, गणिताची आणि शास्त्रज्ञांची. त्यांत शून्य म्हणजे नुकतीच चाटूनपुसून रिकामी केलेली वाटी. अपूर्णांक म्हणजे भावंडांनी भांडत वाटून घेतलेलं कलिंगड. जगाला दिपवणारे शास्त्रज्ञ त्या पानांवर शेंबडी, गुडघे फुटलेली पोरं होऊन भेटायचे. मी तिथे कागद कापायचो आणि कापता कापता वाचायचो. माझी शाळा झाली ती तिथेच.

छापून आलेला मोठा कागद पाहिला की नवखा माणूस हबकायचा. निम्मी पानं डोक्यावर उभी, पाचव्याच्या शेजारी बारावं. "मावशी, सगळं चुकलं हो!" तो ओरडायचा. मावशी कागद पुढे ओढायची, घडीवर घडी घालायची, पट्टीने दाबायची, आणि पानं शहाण्या पोरांसारखी रांगेत उभी राहायची. "बघ, आलं ना जागेवर?" तिच्या लेखी सगळ्या जगाचं असंच होतं. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची पोर नापास झाली, तरी तिचं एकच म्हणणं. अजून घडी पडली नाही, थांबा जरा.

"मावशी, आमच्या बायकोलाही एक घडी घालून द्या," मशीनवाला डिवचायचा.

"तिला कशाला? तुझी जीभ आण इकडे."

तिचा नवरा काचेच्या टेबलावर काम करायचा. काचेखाली दिवा, वर पानांच्या पारदर्शक फिल्म. कुठलं पान कुठे, कुठलं उलटं, हे जुळवून चिकटवायचं हे त्याचं काम. त्याला आम्ही काचवाले म्हणायचो. माणूस अबोल, हात पक्का. त्याने लावायचं आणि तिने दुमडायचं, असा त्यांचा संसार.

त्यांना एकच लेक. पायाला भिंगरी असल्यागत पळायची, म्हणून नाव पडलं भिंगरी. शाळा सुटली की कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून पाय हलवायची. चित्रं काढणाऱ्या बाई एकदा शेपटीचा तारा शोधणाऱ्या एका बाईचं पुस्तक घेऊन आल्या. पहिल्या पानावर त्यांना आभाळाकडे बघणारी छोटी मुलगी हवी होती. त्यांनी भिंगरीला पायरीवर बसवलं. पुढचा दात पडलेला, एक मोजा घसरलेला, जशी होती तशी काढली. मग पानागणिक तोच चेहरा वाढवत नेला. शेवटच्या पानावर पांढऱ्या केसांची म्हातारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेली. गालावरची खळी मात्र तीच.

भिंगरी हसून लोळली. "आई, मी म्हातारी झाले बघ! आता माझ्या पाया पड!"

"पडते हो आजीबाई," मावशीने खरोखर वाकून दाखवलं.

पुस्तक छपाईला जायच्या आधी भिंगरीला ताप आला. तो उतरलाच नाही.

काचवाले लवकरच कामावर आले. घरात बसवत नाही म्हणाले. त्याच पुस्तकाची पानं त्यांनी लावली, कुणाला हात लावू दिला नाही. छापलेले कागद आले त्या दिवशी मावशीही आली. पदर खोचला, पहिला कागद दुमडला, उघडला. पहिल्याच पानावर म्हातारी.

तिने दुसरा कागद घेतला, सावकाश दुमडला. पुन्हा म्हातारी. आणि अगदी शेवटी, पायरीवर बसलेली भिंगरी.

मशीन बंद झालं. मालक आले.

"पहिलं आणि शेवटचं पान कागदावर शेजारीशेजारीच असतं," काचवाले खाली बघत म्हणाले. "हात चुकला."

मालक मनाने हळवे. "जाऊ दे. हे कागद रद्दीत घालू. बाईंना सांगून दुसरीच मुलगी काढून घेऊ. तुम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर नको रोज."

"हो, बदला," काचवाले म्हणाले. "मला ते पान परत लावता येणार नाही."

"हात चुकला म्हणता?" मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "पहिल्या पानावर लावली की लगेच उलटावी लागते गं तिला. शेवटी असली, तर पुस्तक मिटेपर्यंत समोर राहते."

मावशी गठ्ठ्यावर बसली. तिथेच, जिथे लेक बसायची. बसल्या बसल्याच म्हणाली, "आणि तिचं काय? शेवटी पुन्हा लहान झाली नि तिथेच संपली, असं वाचायचं का पोरांनी? तिला मोठं व्हायचं होतं. इथे तरी होऊ द्या."

मालकांनी मान डोलावली. काचवाल्यांनी फिल्म उचलली, पण ती नुसतीच धरून उभे राहिले. मावशी उठली, फिल्म त्यांच्या हातातून घेतली आणि काचेवर ठेवली. खालच्या उजेडात लेक एकदम लख्ख झाली. तिने फिल्मच्या कडा अंगठ्याने दाबल्या. लेकीचा बिछाना सारखा करावा तशा.

नवे कागद आले. मावशीने पहिला दुमडला, उघडला. पायरीवर भिंगरी. पुढच्या पानावर थोडी उंच. मग वेणी आली, चष्मा आला, केस पिकले. शेवटच्या पानापर्यंत मावशी श्वास रोखून उलटत राहिली.

"आलं ना जागेवर, मावशी?" मशीनवाल्याने हळूच विचारलं. या खेपेला त्यात चेष्टा नव्हती.

"पुस्तकातलं आलं," ती म्हणाली.

त्यानंतर "आधी घडी घाल" हे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी तिने रद्दीतून चुकलेला एक कागद काढला. सगळी पानं उलटीसुलटी, पहिल्या पानाच्या जागी म्हातारी, तिला खेटून लेक. मला वाटलं, सवयीने दुमडेल. तिने नुसती गुंडाळी केली, काखेत धरली आणि रस्त्याला लागली. समोरून गाडी आली तेव्हा बाजूला झाली आणि कागद चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरला.

मी दारातून बघत होतो. माझ्यामागे काचवाले उभे होते. ती वळणाआड गेली तरी ते तसेच बघत राहिले, आणि आत रिकाम्या काचेखालचा दिवा जळत राहिला.