टेपवाल्या बाई

आवडाबाई भोईर शहाडजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवत. वडील मिठागरात राबलेले. घरात मास्तरकी पहिली यांचीच.

वर्गातली पोरं धडा घडाघडा वाचत, आणि काय वाचलं विचारलं की छताकडे बघत. म्हणून पंच्याण्णवच्या जूनमध्ये बाईंनी घरचा टेप शाळेत आणला. हरवलेल्या शेळीची गोष्ट रचून स्वतःच्या आवाजात भरली, तीच कागदावर लिहून मुलांना दिली. टेपमधल्या बाई मध्येच थांबून विचारायच्या, "शेळी परत का नाही आली?" मुलांनी कागद वाचायचा, आपसांत भांडायचं, मगच टेप पुढे.

जनी ही कोळ्यांची पोर पहिलीपासून वर्गात बोललीच नव्हती. एके दिवशी म्हणाली, "बाई, ती रुसली आसंल. तिचा पिल्लू इकला ना." रुसल्याचं कागदावर कुठंच नव्हतं, पोरीनं आपलं आपण ताडलं होतं. आनंदानं बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग तालुक्याच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांनी तो पाठ पाहिला आणि घात झाला. शिक्षकांच्या दर सभेत आदर्श पाठ बाईंचाच. आज मोहने, उद्या टिटवाळा, शेळी तीच. चौथीचा वर्ग शेजारच्या गुरुजींकडे. त्यांना साहेबांनी नवा टेप देवविला होता, आणि गुरुजी त्यावर बाईंच्या शेळीचीच भरून घेतलेली गोष्ट रोज लावून निवांत बसत. डोकं चालवण्याचा त्रास तेवढा वाचला.

"साहेब, मला माझ्या वर्गावर राहू द्या. पोरं मागं पडतील."

"बाई, तुमच्यामुळे तालुक्याचं नाव होतंय."

साहेबांपुढे बोलायचं कुणी? नाकापेक्षा मोती जड झाला होता. बाई टेपची पिशवी उचलून पुढच्या गावाची गाडी धरत.

मार्चमध्ये ठाण्याहून पाहुणे आले. पाठ बाईंच्याच वर्गावर ठरला, तेव्हा त्या हरखल्या. टेप सुरू झाला. "शेळी परत..." एवढं होतंय तोच जनी उठून घडाघडा म्हणाली, "ती रुसली आसंल. तिचा पिल्लू इकला ना."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जनीच्या हातातला कागद उलटा होता.

बाईंनी टेप बंद केला आणि पुस्तकातला न शिकवलेला धडा तिच्यापुढे धरला. जनीनं तो कुठंही न अडखळता वाचला.

"काय झालं गं यात?"

जनी छताकडे बघू लागली. बाई वाट बघत राहिल्या. पाहुणे चुळबुळले.

"बाई, टेप लावा," मागून साहेब हळूच म्हणाले.

बाईंनी टेप लावला.