नोएलीचा तिसरा मुका

आन्सेल्म आमच्या गावात आला तो राहायला नव्हे, पाणी भरायला. तिकडं दूर पश्चिमेला, ब्रितानीच्या समुद्रकिनाऱ्यावर शाळेची बस हाकण्यात त्याची हयात गेली. तोच रस्ता, तीच वळणं, पोरं तेवढी बदलायची. निवृत्त झाल्यावर त्यानं घर भाड्यानं दिलं, एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं आणि ऐन थंडीत खेड्यापाड्यांतून हिंडायला लागला. थंडीतच का? तर म्हणे, उन्हाळ्यात गर्दी असते. एवढं सरळ कारण आम्हाला कसं पटावं? आम्ही त्याला आधी पोलिसांपासून पळालेला ठरवला, मग बायकोपासून. बायको कधीच वारली आहे असं कळलं, तेव्हा नाइलाजानं तो विषय सोडावा लागला.

नळ फुटू नये म्हणून चौकातलं पाणी थंडीत बंद असतं. त्यामुळं तो डबा घेऊन नोएलीच्या कॅफेत शिरला. नोएली विधवा, नदीपलीकडून लग्न होऊन आलेली. कॉफी कडक, जीभ त्याहून कडक. तिनं पाणी दिलं. मोटरहोमची टाकी गोठली तेव्हा उकळतं पाणी नेऊन दिलं. आणि एका सकाळी, आम्ही पत्ते खेळत बसलेलो असताना, काउंटरमागून बाहेर येऊन तिनं गालाला गाल लावून त्याचं स्वागत केलं. एक. दोन. आणि तीन.

माझा भिडू फिर्मँ, त्याच्या हातातले पत्ते टेबलावर उताणे पडले.

आता बघा, भेटल्यावर आमच्या गावात गालाला मुके दोन. नदीपलीकडं तीन. पण नोएली सून होऊन आल्यापासून आम्हाला दोनच देते. मग ह्या उपऱ्याला तिसरा कशाबद्दल?

"माहेरची सवय उफाळली असेल," फिर्मँ म्हणाला.

"इतक्या वर्षांनी? आणि नेमकी त्याला बघून?"

"मग त्यानंच गाल पुढं धरून ठेवला असणार. बसवाला तो, दार उघडं ठेवायची सवय!"

आन्सेल्मचा गोंधळ तर आमच्याहून मोठा. त्याच्या किनाऱ्याकडं मुका एकच. दुसऱ्यालाच तो भांबावला होता, तिसऱ्याला नाक तिच्या चष्म्यावर आपटलं. संध्याकाळी माझ्याकडं आला.

"दादा, तुमच्यात तिसऱ्याचा अर्थ काय?"

"आमच्यात तिसरा नसतोच."

"आणि तिच्या माहेरी?"

"तिकडं सगळ्यांनाच तीन."

"म्हणजे काही अर्थ नाही?"

"असं कसं? आम्हाला कुठं देते ती?"

तो डोकं धरून बसला. घाटात बर्फ पडणार होतं. सकाळी निघाला नाही तर महिनाभर अडकणार, आणि निघाला तर पुन्हा यायला निमित्त काय?

"माझी वाट बघणारं कुणी राहिलं नाही, दादा," तो म्हणाला. "इथं थांबावंसं वाटतंय. पण ती चुकून वागली असेल आणि मी त्यावर मुक्काम ठोकला, तर काय तोंड दाखवू?"

मला थट्टा सुचेना. असं क्वचित होतं. "तिलाच विचार की," मी म्हणालो.

सकाळी इंजिन चालू ठेवूनच तो कॅफेत आला. आम्ही आधीच जागा धरून बसलो होतो.

"नोएलीबाई, काल तुम्ही... तो तिसरा... चुकून होता का?"

नोएलीचं कप पुसणं थांबलं नाही. "का हो? परत करायचाय?"

"नाही, म्हणजे चुकून असला तर..."

"तर कुठला परत करणार? पहिला, दुसरा, की तिसरा?"

त्यानं खरोखरच विचार केला. कान लाल झाले. "आता ओळखू येत नाही," तो म्हणाला.

"मग ठेवा तिन्ही. आणि आधी ते इंजिन बंद करा, धूर आत येतोय."

त्यानं बंद केलं. दुपारी घाटही बंद झाला.

बर्फ वितळून आता रस्ता मोकळा झालाय. सोमवारी कॅफेला कुलूप असतं आणि चौकात मोटरहोम नसतं. मंगळवारी दोघं परततात, पण चारचौघांत एकमेकांना मुका एकही नाही! फिर्मँ म्हणतो, भांडलेत. मी म्हणतो, एकाच गाडीतून उतरलेली माणसं एकमेकांचं स्वागत कशाला करतील? परवा मात्र आन्सेल्मनं जाता जाता तिची टोपी सरळ केली आणि ती दचकली नाही. ते मुक्यांत धरायचं की नाही, यावर सध्या आमचा वाद चाललाय.