माथ्यावरची हवा

माझा मोठा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याचा त्याला इतका गर्व आहे की माणसांना जिने चढता येतात हे जणू त्याला कुणी सांगितलेलंच नाही. कामात तो चोख आहे, हे मात्र कबूल करावंच लागतं. दार, दोर, ब्रेक, सगळं शंभर टक्के ठीक झाल्याशिवाय तो लिफ्ट चालू करू देत नाही. म्हातारी माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत जिना चढतात आणि हा खाली उभा राहून त्यांना नियम ऐकवतो.

हेच शहाणपण त्याने घरात आणलं.

वहिनीला काचबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. काय बघायचं ते लवकर बघून घ्या. वहिनीने ना दागिने मागितले, ना परदेशवारी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक टेकडी दिसते. लग्न झाल्यापासून भांडी घासताना वहिनी त्या टेकडीकडे बघत आलेली. म्हणाली, "एकदा तिथून आपली खिडकी बघायची आहे."

शाळेतली पोरं धावत चढतात अशी ती टेकडी. पण दादासाहेबांना आधी माथ्यावरची हवा तपासायची होती! खालची नाही हं, माथ्यावरची. त्यासाठी फोनमध्ये तीन ॲप घेतली. शनिवारी संध्याकाळी सोफ्यावर पाय पसरून वारा बघायचा, ढग बघायचे, धुकं बघायचं. तिन्ही ॲपचं एकमत झालं तरच निघायचं. आमच्या घरात चहात साखर किती यावर तिघांचं एकमत होत नाही, आणि हा निघाला आभाळाचं करायला.

"उद्या थोडे ढग आहेत," तो म्हणायचा. "एवढं चढून जायचं आणि खिडकी दिसलीच नाही तर? जायचं तर सगळं स्वच्छ असताना."

"अरे, मग सकाळी लवकर जा ना," मी म्हणायचे.

"सकाळी वर धुकं असतं. तुला काय कळतंय त्यातलं!"

नुसता नन्नाचा पाढा. वहिनी बूट घालून तयार असायची, ते पुन्हा काढून ठेवायची. एकदा मी तिला म्हटलं, चल, आपण दोघीच जाऊ. तर म्हणते कशी, "नको गं. माझ्यासाठी एवढा जीव आटवतात, त्यांना वाईट वाटेल." जीव आटवतात म्हणे! सोफ्यावर बसून अंगठा सरकवायला कसला आलाय जीव?

इकडे वहिनीची नजर कडेकडेने जात होती. आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मग नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसायला लागलं, मग तेही पुसट झालं. ती सांगायची नाही आणि हा विचारायचा नाही. डोळ्यांत थेंब मात्र वेळेवर घालायचा आणि पुन्हा फोनमध्ये डोकं खुपसायचा.

वर्ष उलटून गेल्यावर अखेर एकदाचा तो रविवार उगवला. तिन्ही ॲपनी होकार दिला. दादा पुढे, त्याच्यामागे माझा हात धरून, पायाने वाट चाचपत वहिनी. तिला ठेच लागली की मी सावरत होते, आणि हा मागे वळून म्हणत होता, "बघ, म्हटलं नव्हतं? ढगाचा ठिपका नाही!"

माथ्यावरून खरोखरच सगळं लख्ख दिसत होतं. दादाने वहिनीला खांद्यांना धरून घराच्या दिशेने वळवलं.

"ती बघ आपली खिडकी. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे. दिसली?"

वहिनी बराच वेळ तिकडे तोंड करून उभी राहिली. "नुसता उजेड दिसतोय," ती म्हणाली.

"अगं, असं कसं? नीट बघ. आज किती लांबचं दिसणार ते इथे दिलंय..." आणि त्याने फोन काढला. खरंच काढला! किलोमीटरचा आकडासुद्धा वाचून दाखवला. माझ्या सख्ख्या भावाला तिथून ढकलून द्यावं असं मला त्या क्षणी वाटलं, खोटं कशाला सांगू.

वहिनीने चाचपडत त्याच्या हातातून फोन घेतला आणि त्याच्याच खिशात ठेवला. आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"अहो, मागच्या वर्षी धुकं होतं ना, तेव्हाच आणायचं होतं मला," ती म्हणाली. "धुकं तरी दिसलं असतं."