ती मधली केबल काढा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नागपूरहून बंगळूरला आले, तेव्हा कोरमंगलाच्या ऑफिसात साहेब मराठी निघाला याचा मला केवढा आनंद झाला होता! पुण्याचा माणूस. दुपारी स्वतःच्या डब्यातली पोळी मला वाढायचा. पुढे त्याच्याइतका द्वेष मी कुणाचाच केला नाही.

बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या एका कारखान्याच्या गोदामासाठी आम्ही दोन सर्व्हर बसवत होतो. मालाच्या सगळ्या नोंदी दोघांच्या सामायिक डिस्कवर. एक सर्व्हर काम करणार, दुसरा मधल्या केबलवरून सारखी त्याची खबर घेणार. उत्तर आलं नाही की पहिला गेला असं समजून काम हाती घेणार.

"आणि केबलच निघाली तर?" मी साहेबाला विचारलं. "दोघंही जिवंत असतील आणि दोघंही डिस्कवर लिहायला लागतील. तिसरं मत हवं, सर. एक छोटी डिस्क ठेवू. ती ज्याच्या ताब्यात, त्यानंच चालायचं. दुसऱ्यानं आपणहून थांबायचं."

"दोन मशिनांत मतदान कसलं घेतेस? ग्रामपंचायत आहे का?" तो हसला.

मी लेखी दिलं. त्यानं त्यावर लाल शाईनं 'गरज नाही' असं लिहून सही केली.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, रंगाऱ्यांची शिडी अडकून केबल निघाली. दोन्ही सर्व्हरांनी एकाच डिस्कवर लिहून नोंदींचा पार चुथडा केला. गोदामप्रमुख बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते आठ दिवस माणसं घेऊन एकेक बेअरिंग हातानं मोजत होते.

बैठकीत साहेब कारखान्याच्या मॅनेजरला म्हणाला, "केबल हिनं बसवली होती. नवीन आहे."

परतताना गाडीत मात्र मराठीत, मऊ आवाजात, "मनावर घेऊ नकोस गं. आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मला मॅन्युअल टाइप करायला बसवलं.

पुढे केबल पक्की बसवून साहेबानं कारखान्यात प्रात्यक्षिक ठेवलं. ते मला पाठ होतं: चालता सर्व्हर बंद करायचा, दुसरा काम उचलतो, टाळ्या. कागद वाटायला मलाही नेणार होते. मी सकाळीच एकटी पोचले, सगळ्या नोंदींची टेपवर प्रत काढली आणि अण्णांना गाठलं.

"अण्णा, त्यांना सर्व्हर बंद करायला सांगू नका. केबल काढायला सांगा." का, तेही समजावलं.

ते म्हणाले, "सरी, अक्का." कानडी मिसळलेल्या त्यांच्या मराठीत, ठीक आहे, ताई.

टाळ्या संपल्यावर अण्णा उठले. "आता दोन्ही चालू करा, आणि स्वल्प ती मधली केबल काढा बघू."

"त्याची गरज नाही," साहेब म्हणाला.

"शिडी विचारून येत नाही, सर."

मॅनेजर म्हणाला, "काढा."

काढली. मिनिटभरात दोन्ही पडद्यांवर दोन्ही सर्व्हर आपणच मालक असल्याचं सांगू लागले. अण्णांनी दोन्हीकडून थोड्या थोड्या मालाच्या नोंदी चढवल्या. मग नोंदी उघडेचनात. मी उठून लाल शाईचा कागद मॅनेजरपुढे ठेवला. साहेब घाम पुसत होता. मी नजर हटवली नाही.

"मला एकट्याला सांगायचंस ना!" बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुमची सही आहे."

महिन्याभरात त्याची बदली झाली. तिसऱ्या मताची ती छोटी डिस्क मी बसवली आणि सगळ्यांसमोर केबल ओढून पाहिली. एक सर्व्हर मुकाट थांबला. अण्णा खूश झाले. मला फारसं काही वाटलं नाही.

खरं तर मॅनेजरला आठवडाभर आधी गुपचूप सांगून ती डिस्क बसवता आली असती. मी मुद्दाम थांबले. मला त्याला चारचौघांत उघडं पडलेलं पाहायचं होतं. आपल्या या वागण्याची लाज वाटायला हवी, असं अधूनमधून मनात येतं. वाटत नाही.