पँगाँगचं हवामान आणि पाण्यात ठेवलेले दोन देव

माझ्या आईला गेली कित्येक वर्षं एक तळं बघायचं होतं. "तळ्यांना काय तोटा आहे ठाण्यात?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. पण आईला बघायचं होतं लडाखमधलं पँगाँग. कधीकाळी एका कॅलेंडरवर आलेलं त्याचं निळंशार चित्र तिने कापून वर्तकनगरच्या घरात फ्रीजच्या दारावर लावलं होतं. आजही ते तिथेच आहे.

अडचण होती ती बाबांच्या हवामानाची. बाबांची सगळी नोकरी मानपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी भारताचं हवामान सांभाळायला घेतलं. फोनवर तीन अ‍ॅप. तिन्ही एकमेकांशी भांडणारी. आईने कुठल्याही ठिकाणाचं नाव काढलं की बाबा चष्मा वर करून तिथलं हवामान वाचून दाखवायचे. अ‍ॅप यायच्या आधी हेच काम वर्तमानपत्र करायचं. महाबळेश्वरला धुकं, उटीला अवकाळी, नैनितालला गारपीट. त्यामुळे आमच्या सगळ्या सहली द्वारका, दीव, अलिबाग अशा व्हायच्या. या जागांमध्ये एक गोष्ट सारखी होती, ती माझ्या लक्षात यायला पँगाँगपर्यंत जावं लागलं.

या वर्षी आईने बाबांना विचारलंच नाही. ती रिक्षा करून माझ्याकडे बाळकुमला आली आणि म्हणाली, "एप्रिलची तीन तिकिटं काढ. पैसे परत न मिळणारी." मी काढली. बाबांनी त्याच संध्याकाळी अंदाज वाचला: उत्तरेत हवामान अस्थिर, उंच भागात हिमवृष्टी, मधूनच ऊन, वाऱ्याचा जोर. त्यांचा चेहरा खुलला. "अस्थिर!" ते म्हणाले. "बघ. मी नाही म्हणत, शास्त्रज्ञ म्हणतायत."

"अस्थिर म्हणजे चांगलंही होऊ शकतं," आई म्हणाली आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

तर, जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. मुंबईहून दिल्ली आणि तिथून सकाळच्या विमानाने लेह. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, विशेषतः बरोबर साठीपलीकडचं कोणी असेल तर. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काही करायचं नाही. म्हणजे खरंच काही नाही. जिना चढलात तरी हॉटेलवाला ओरडतो. आणि तुमचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. हे मला माहीत नव्हतं. बाबांची तिन्ही अ‍ॅप विमानतळावरच मुकी झाली आणि लडाखच्या पहिल्या दर्शनाला बाबा फोन हवेत धरून गोल फिरत होते. हॉटेलात वायफाय होतं, पण ते फक्त जेवणघराबाहेरच्या व्हरांड्यात, तेही मर्जी असेल तेव्हा.

लेह सुंदर आहे. जर्दाळूच्या झाडांवर नुकती कुठे फुलं धरायला लागली होती. हॉटेलात दुपारी थुक्पा मिळायचा, म्हणजे भाज्या घातलेलं शेवयांचं सूप. आईने तो चटणी घालून खाल्ला आणि आचाऱ्यालाही चटणी दिली. हवामानाचं म्हणाल तर अंदाज शब्दशः खरा ठरला. नाश्त्याला ऊन, अंघोळ होईस्तोवर बर्फ, बर्फ बघायला बाहेर यावं तर पुन्हा ऊन. आमचा ड्रायव्हर स्टॅन्झिन नावाचा हसरा माणूस. पँगाँगला जायचं तर चांग-ला नावाची खिंड ओलांडावी लागते आणि ती बंद आहे, हे तो रोज सकाळी येऊन सांगायचा.

"कल खुलेगा?" आई विचारायची.

"खुल भी सकता है, माताजी."

"और नहीं खुला तो?"

"तो बंद रहेगा."

दुसऱ्या संध्याकाळी आईने निर्णय घेतला. हँडबॅगेतून कुंकवाची डबी काढावी तसा तिने घरचा बाळकृष्ण बाहेर काढला. "देव पाण्यात ठेवते," ती म्हणाली. एखादी गोष्ट मनासारखी व्हावी म्हणून देवाला पाण्यात बुडवून ठेवायचं आणि ती झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, हे आमच्याकडे आजीच्या वेळेपासून चालत आलंय. माझ्या बारावीच्या निकालाच्या वेळी हाच बाळकृष्ण आठवडाभर पाण्यात होता. पण हॉटेलच्या भांड्यात मटणाचं सूप कधी ठेवलं असेल, या शंकेने आईने चटणीचा स्टीलचा डबा रिकामा केला, तीनदा घासला आणि त्यात पाणी घेतलं. तरी लसणाचा वास राहिलाच. डबा तिने खोलीत नाही, बाहेर गॅलरीच्या कठड्यावर ठेवला.

"बाहेर कशाला?"

"हवामान ज्याने बदलायचं, त्याला ते दिसायला नको?"

मी डबा कठड्यावर जरा आत सरकवला.

पुढचा दिवस वेडेपणाचा गेला. सकाळी स्टॅन्झिन धावत आला, खिंड उघडली. आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवेपर्यंत दुसरा ड्रायव्हर आला, खिंड बंद. जेवताना उघडली. हात धुताना बंद. "ऐसा मैंने नहीं देखा," स्टॅन्झिन म्हणाला. आई दर वेळी गॅलरीत जाऊन डब्यात डोकावून यायची. बाबा मात्र कमालीचे शांत होते. मला ते विचित्र वाटलं, कारण अ‍ॅपशिवाय बाबा म्हणजे नेहमी चिडलेले बाबा.

संध्याकाळी मी व्हरांड्यात वायफाय शोधत गेले तर खांबामागून त्यांचा आवाज आला. समोर फोनवर होत्या आमच्या शेजारच्या नलूकाकू, ज्यांच्याकडे घराची किल्ली होती.

"हो हो, राहू दे पाण्यातच," बाबा कुजबुजत होते. "आम्ही लेहहून परत निघेपर्यंत काढू नका. आणि हिच्या कानावर घालू नका हं."

मी समोर जाऊन उभी राहिले. बाबांनी फोन खिशात घातला. नलूकाकू खिशातून "हॅलो, भावोजी? हॅलो?" करत राहिल्या.

तर प्रकार असा होता. निघायच्या दिवशी बाबांनी देव्हाऱ्यातला गणपती कळशीत ठेवला होता. इच्छा अशी, की पँगाँगचा रस्ता बंद राहावा. म्हणजे इकडे बाळकृष्ण उघडतोय आणि तिकडे वर्तकनगरात गणपती बंद करतोय. मधल्यामध्ये त्या खिंडीने काय करायचं?

"बाबा, पण का?"

त्यांनी समोरच्या डोंगरांकडे बोट केलं. मग म्हणाले, "मला घाटाची भीती वाटते गं. गाडी वळणावर गेली की डोळे मिटून घेतो. आज नाही, लहानपणापासून."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळा नकाशा उलगडला. द्वारका, दीव, अलिबाग. सपाट, सपाट, सपाट. "म्हणजे ते धुकं, ती गारपीट...?"

"असायची कधी कधी," बाबा म्हणाले. "तिला सांगू नकोस. हवामानवेडा म्हणते तेवढं पुरे आहे. भित्रा म्हणून हसेल."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. त्या माणसाची कीव आली आणि आईची त्याहून जास्त. मी सांगितलं, उद्या सकाळपर्यंत एक तर आईशी बोला नाही तर गणपती बाहेर काढायला लावा. दोन्हींतलं एक.

सकाळी आईच्या हाकेने जाग आली. गॅलरीत डबा होता, डब्यात बाळकृष्ण होता, पण पाणी नव्हतं. रात्रीच्या थंडीत सगळं गोठलं होतं. रांगता बाळकृष्ण, लोण्याचा गोळा धरलेला हात वर, मानेपर्यंत बर्फात.

"आता काय गं?" आई रडवेली झाली. "हे पाण्यात धरायचं का नाही?"

"नाही," बाबा चटकन म्हणाले. "बर्फ म्हणजे पाणी नव्हे. म्हणजे नवस मोडला. चला, बाजारातून जर्दाळू घेऊन येऊ."

"बर्फ पाण्याचाच होतो ना? मग पाणीच ते."

"मग काढून दाखव बाहेर."

"काढायचाच नाहीये मुळी! काम कुठे झालंय?"

हा वाद चालू असताना खाली हॉर्न वाजला. खिंड उघडली होती, आणि या वेळी बंद करायला मागून कोणी आलं नाही. बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते व्हरांड्याकडे पळाले, मी त्यांच्या मागे. नलूकाकूंनी फोन उचलला.

"अहो भावोजी, मीच करणार होते फोन. सोसायटीची टाकी धुवायला काढली ना, थेंब नाही नळाला. तुमच्या कळशीतलं पाणी घेतलं मी. गणपतीबाप्पा पुसून देव्हाऱ्यात ठेवलाय, काळजी नको."

टॅक्सीचं सांगायचं तर तिथे युनियनचे दर ठरलेले असतात, घासाघीस करू नका. पँगाँगला जायला लागणारा परवाना हॉटेलवाला काढून देतो. पुढची सीट उलटी होणाऱ्याला द्या. आमच्या गाडीत ती आईला मिळाली, कारण मांडीवर देव होता. डब्याला तिने बाबांची माकडटोपी घातली होती, थंडी लागू नये म्हणून. बर्फाला की देवाला, ते मी विचारलं नाही. एका चौकीवर जवानाने टोपीकडे बोट दाखवलं.

"ये क्या है?"

"भगवान हैं," आई म्हणाली. "जम गए हैं."

त्याने टोपी उचलून पाहिलं, पुन्हा नीट बसवली आणि फाटक उघडलं.

चांग-लाचा रस्ता खरोखर भीतीदायक आहे, उगाच खोटं सांगणार नाही. एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बाबांनी डोळे मिटून माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. एका वळणावर समोरून ट्रक आला, स्टॅन्झिनने गाडी दरीच्या अंगाला घेतली, आणि बाबा एकदम ओरडले, "भैया, मेरेको भीती लगती है!"

"लगता है अंकल," स्टॅन्झिन म्हणाला. "मेरे को भी लगता है. रोज."

मला वाटलं आता आई विरघळेल, हात मागे करून त्यांचा हात धरेल. आई सावकाश वळली.

"म्हणजे महाबळेश्वरला धुकं नव्हतं?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि लगेच डोळे मिटले.

"उटीला पाऊस?"

"थोडा असेल."

"मी माहेरी सांगत फिरले, आमच्या नशिबातच डोंगर नाही. आणि नशिबात तुम्ही होतात!" तिचा आवाज चिरकला. "एकदा बोलला असतात, तर मैत्रिणींबरोबर गेले असते मी. डोळे होते चांगले, गुडघे होते." ती पुढे वळली आणि उतरेपर्यंत बोलली नाही. स्टॅन्झिनने रेडिओ लावून पाहिला. तोही लागला नाही.

आणि मग पँगाँग. मंडळी, एप्रिलमध्ये जाणार असाल तर ऐका: ते निळं नसतं. ते गोठलेलं असतं! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं, मध्ये तडे, आणि फक्त काठाला एक निळी पट्टी. वर ऊन, डावीकडच्या डोंगरावर बर्फ पडत होता, उजवीकडे लख्ख. आई त्या निळ्या पट्टीजवळ जाऊन उभी राहिली. किती वेळ, ते माहीत नाही. आम्हाला मॅगी येईपर्यंत. गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या डब्यातला बर्फ तोवर उन्हाने सुटला होता. आईने बाळकृष्ण बाहेर काढला, पदराने पुसला आणि तळ्याकडे तोंड करून धरला. बाबा जरा अंतरावर उभे होते. तिने त्यांना बोलावलं नाही, फोटोतही घेतलं नाही. माझ्याकडे त्या दिवसाचे जे फोटो आहेत, त्यांत एक तर आई आहे नाही तर बाबा.

येताना बाबांनी घाटात डोळे उघडे ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर लोक विचारतात, एवढं जाऊन गोठलेलंच पाहिलंत, काय मिळालं? आईला विचाराल तर ती म्हणेल, छान होतं, आता जून-जुलैत निळं बघायला पाहिजे. राग तिचा गेलेला नाही. जेवता जेवता मध्येच थांबून "आणि नैनिताल?" असं विचारते, आणि बाबा घास खाली ठेवतात. मला वाटतं तिने रागवावं. इतक्या वर्षांचे डोंगर आहेत ते.

गेल्या रविवारी मी वर्तकनगरला जेवायला गेले होते. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, महाबळेश्वरला जायचं का पुढच्या शनिवारी? बाबांचा हात आपोआप फोनकडे गेला. "शनिवारी तिकडे गडगडाटासह..." त्यांनी सुरुवात केली.

आईचं लाटणं थांबलं. "गडगडाट आहे, की तुम्ही घाबरलाय?"

बाबांनी फोनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फोन उपडा ठेवला.

"घाबरलोय."

"मग जाऊ या," आई म्हणाली. "गडगडाट असता, तर राहू दिलं असतं."