नळी निघाल्यानंतरचे महिने

यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी जिन संक्रांतीआधीच बंद पडली, आणि त्याच महिन्यात मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती मुलगी नांदेडला, तिला सातवा महिना. मूतखडा आहे, नागपूरला जाऊन काढून घेतो, असं तिला फोनवर सांगितलं.

एसटीनं एकटाच गेलो. डॉक्टरीणबाई मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. पोट न फाडता पाच-सहा छिद्रांतून, रोबोटनं ऑपरेशन करू म्हणाल्या. मी विचारलं, "मॅडम, मधातच मशीन बिघडली तर?"

"ती आपल्या मनानं काही करत नाही, काका. हात माझेच असतात. बिघडली तर बाजूला करून मी पुढचं करीन."

मला ते पटलं. पण ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या मारेगावचा होता, त्यानं पेन घेतलं. "नातं काय लिवू, चाचा?"

"पुतण्या लिव," मी म्हटलं. आमची आडनावं वाचून नर्सनं मान वर करून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कागद फाइलीला लावला.

ऑपरेशनच्या खोलीत प्लास्टिक गुंडाळलेले यंत्राचे चार हात दिसले. बाई चार पावलांवर, ते हात चालवायच्या यंत्रापुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढचं आठवत नाही.

ऑपरेशनात घातलेली लघवीची नळी दहा दिवसांनी काढली. कॅन्सर पुरता निघाला होता, पण लघवी थांबेना. खोकलो, उठलो की कपडे ओले. व्यायामानं हळूहळू जमेल, असं बाईंनी समजावलं होतं. मी पॅड लावून घरात बसलो. मशीद सोडली, कारण अशा नापाक अंगानं नमाज कशी पढणार? जिन बंद, त्यामुळे कामाचं बोलावणंही येईना. नातू झाला तरी नांदेडला गेलो नाही. बसमध्ये इतके तास कसे काढणार? कोणाशी एक शब्दही न बोलता कित्येक दिवस गेले. शुक्रवारी जुम्म्याची अजान झाली की मी खिडकी लावून घ्यायचो.

पाचव्या महिन्यात मौलाना स्वतःच घरी आले. काहून दिसत नाही, विचारलं. फरशीकडे पाहत मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजारात सवलत आहे. दर नमाजेच्या वक्ताला साफ होऊन, हात-तोंड-पाय धुऊन नवा वजू करायचा आणि यायचं. सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. मी पाच महिने ते एकटाच घेऊन बसलो होतो.

त्या शुक्रवारी गेलो, शेवटच्या रांगेत उभा राहिलो. संध्याकाळी मुलीला फोन करून खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अब्बा, तिथं तुमच्यापाशी कोण होतं?"

मी त्या मारेगावच्या पोराचं सांगितलं.

"मी येऊन राह्यली तिकडं," ती म्हणाली.

बाळाला घेऊन आली, चार दिवस राहिली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत माझं गळणं जवळजवळ थांबलं. शिंक आली की तेवढं अजून होतं. पण त्या चार दिवसांनंतर ती नांदेडला परतली, त्या दुपारी घर आधीपेक्षा जास्तच सुनं वाटलं, आणि या वेळी मी दार उघडंच ठेवून बसलो.